लष्करी जीपला जादा दिवे जोडताना: मूळ वायरिंग तोडू नका, शेजारी नवं उभं करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. लिलावात निघालेली लष्कराची जुनी जीप तुम्ही खानापूरला आणली आहे. कागदपत्रं तुमच्या नावावर झाली आहेत. सीटखाली दोन बॅटऱ्या आहेत आणि बल्बवर २४ व्होल्ट लिहिलेलं आहे. तिला तुम्हाला फॉग लॅम्प, वर एलईडी बार, मोबाइल चार्जर, टेप आणि मागं ट्रेलरसाठी सॉकेट बसवायचं आहे. वायरमननं दोन सल्ले दिलेत. एक, जुनं वायरिंग सगळं उपटून नवीन टाकायचं. दुसरा, टेप आणि चार्जरला दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घ्यायचे. हे करावं का, असं तुम्ही विचारता.

दोन्ही करू नका. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: लष्कराचं वायरिंग आहे तसं राहू द्या आणि तुमच्या नव्या सामानासाठी त्याच्या शेजारी स्वतंत्र वायरिंग उभं करा. त्याला स्वतःचा फ्यूज बॉक्स, स्वतःचे रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), स्वतःची अर्थ (बॅटरीच्या मायनसकडं परत जाणारी वाट). जुन्या वायरीकडून फक्त इशारा घ्यायचा, करंट घ्यायचा नाही. हे नीट कळलं की निम्मं काम झालं.

पण आधी गाडी खरोखर किती व्होल्टची आहे ते मोजून बघा. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्ट असं नसतं. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला असेल तर २४. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असेल तर दोन बॅटऱ्या असूनही १२च. मॉडेलच्या नावावरून खात्री धरू नका. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६ व्होल्टची होती, १९५० साली आलेली एम ३८ ही २४ व्होल्टची, आणि आपल्याकडं लष्करात सगळ्यात जास्त दिसणारी मारुती जिप्सी १२ व्होल्टची. शिवाय लिलावानंतर गाडी दोन-तीन हातांतून आली असेल तर मधल्या कुणीतरी अर्धंमुर्धं बदललेलंही असू शकतं. २४चा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) आणि १२चा हॉर्न असली गाडी समोर येते तेव्हा नवल वाटायला नको.

मल्टीमीटर घ्या. इंजिन बंद असताना, रात्रभर उभी राहिलेल्या गाडीची एकेक बॅटरी वेगळी मोजा. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, दोन्ही मिळून २५.२. मग इंजिन चालू करून थोडं रेस द्या. २४ व्होल्टच्या गाडीला दोन्ही टोकांवर साधारण २७.५ ते २८.५ मिळायला हवेत, १२च्या गाडीला १३.८ ते १४.४. हे सगळे आकडे वहीत लिहून ठेवा. दोन बॅटऱ्यांत अर्ध्या व्होल्टाचा फरक दिसला, तर आधीच्या मालकानं एका बॅटरीवरून काहीतरी ओढलेलं असू शकतं, तशी वायर आहे का ते शोधा. त्याच वेळी बॉडीला कुठलं टोक जोडलंय तेही बघा. ब्रिटिश वळणाच्या काही जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो. तिथं एलईडी किंवा कन्व्हर्टर नेहमीच्या सवयीनं जोडला की त्याच क्षणी जातो.

आता एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घ्यायचा मुद्दा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण चांगल्या चांगल्या गाड्यांच्या बॅटऱ्या यातच मरतात आणि दोष बॅटरीच्या कंपनीवर जातो.

दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडलेल्या असताना अल्टरनेटरचा करंट दोघींतून सारखाच वाहतो. एकीला जास्त, दुसरीला कमी असं तो देऊ शकत नाही. जिचा मायनस बॉडीला जोडलेला आहे तिला खालची म्हणू, दुसरीला वरची. समजा तुमचा टेप खालच्या बॅटरीवर आहे, तो ४ अँपिअर घेतो आणि तुम्ही जांबोटीच्या पुढं कुठंतरी गाडी उभी करून पाच तास वाजवला. खालच्या बॅटरीतून २० अँपिअर-तास गेले, वरचीतून काहीच नाही. परत येताना चार्जिंग सुरू झालं की वरची लगेच भरते. खालची रिकामीच असते. चार्जिंग सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला फक्त दोघींची बेरीज दिसते. २८.२ झाले की तो थांबतो. पण त्या २८.२ मध्ये वरची १५.५ वर उकळत असते आणि खालची १२.७ वर उपाशी असते. वरचीचं पाणी उडतं, खालचीच्या प्लेटवर पांढरं सल्फेट धरतं. काही महिन्यांत दोन्ही जातात, एक जास्त खाऊन आणि एक कमी खाऊन. 'मधूनमधून बॅटऱ्यांची अदलाबदल करा' असाही सल्ला मिळेल. त्यानं मरण लांबतं, टळत नाही.

यापेक्षा वाईट म्हणजे वरच्या बॅटरीवरून १२ घेणं. तिचं मायनस टोक बॉडीच्या मानानं १२ व्होल्ट वर असतं. टेपची पत्र्याची पेटी किंवा एरियलचं बूड मायनसलाच जोडलेलं असतं, आणि ते बोल्टनं बॉडीला टेकलं की खालची बॅटरी त्या टेपमधून सरळ शॉर्ट होते. मध्ये फ्यूज नसेल तर वायर पेटते. सीटखाली बॅटरी असलेल्या गाडीत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

उपाय साधा आहे: २४ वरून १२ करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर. तुमच्या गरजेला १० अँपिअरचा पुरतो. बाहेर १२ व्होल्ट, १० अँपिअर म्हणजे १२० वॉट. आत २४ च्या बाजूनं साधारण साडेपाच-सहा अँपिअर जातील. म्हणून आतल्या बाजूला १० चा फ्यूज टाका. स्विचिंग जातीचा मागून घ्या. जुन्या पद्धतीचे, नुसता व्होल्टेज जाळून कमी करणारे ड्रॉपर अजून विकले जातात. त्यात ५ अँपिअर घेतले तर तेवढेच ६० वॉट उष्णतेत जातात, हात लावता येत नाही. कन्व्हर्टर हवा लागेल अशा जागी पत्र्याला घट्ट बसवा, सायलेन्सरच्या बाजूला नको. आणि तो चावीवरच्या रिलेमधून चालू करा. गाडी महिनाभर उभी राहिली तर कन्व्हर्टर स्वतःसाठी थोडाथोडा करंट पीतच राहतो.

चार्जर किंवा एलईडी विकत घेताना '१२-२४ व्होल्ट' असं लिहिलेलं बघून फसू नका. २४ ची गाडी चालू असताना २८ च्या वर असते. पाकिटावर वरची मर्यादा ३० किंवा ३२ लिहिलेली असेल तरच थेट जोडा, नाहीतर कन्व्हर्टरच्या पलीकडं, १२ च्या बाजूला जोडा. रिलेचंही तसंच. १२ च्या रिलेला २४ दिले की कॉइलवर चौपट वॉट पडतात आणि ती जळते. २४ चा रिले १२ वर उचलतच नाही. २४ चा माल आपल्या भागात मिळत नाही ही समजूत खोटी आहे. आताच्या जड ट्रक आणि बसगाड्या २४ व्होल्टवरच चालतात. बल्ब, रिले, फ्लॅशर, कन्व्हर्टर यांसाठी कारच्या दुकानात न जाता ट्रकचं सामान विकणाऱ्याकडं जा.

'सगळी गाडीच १२ वर आणूया' असंही कुणी सुचवेल. त्यासाठी सेल्फ, अल्टरनेटर, वायपर मोटर, मीटर, हॉर्न, पेट्रोल गाडी असेल तर इग्निशन कॉइल, सगळं बदलावं लागतं. इंजिनच बदलणार असाल तर वेगळी गोष्ट. चालतं इंजिन असताना एका चार्जरसाठी हे करू नये.

आता जुनं वायरिंग का उपटू नये ते सांगतो. लष्कराचं वायरिंग बघताना किचकट वाटतं, पण त्याला एक शिस्त असते. कित्येक गाड्यांत सगळ्या वायरी एकाच रंगाच्या आणि प्रत्येकीच्या टोकाला नंबराचं छोटं कडं. रंग बघून काम करणाऱ्या वायरमनला ते कोडं वाटतं आणि तो पक्कड काढतो. नंबराची कडी घासून स्वच्छ करा, फोटो काढा, कुठून कुठं जाते ते कागदावर मांडा. एक रविवार जाईल, पण पुढची अनेक वर्षं वाचतील. आपल्या भागात याला मोठा आधार आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, आणि खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडच्या गावागावांत निवृत्त फौजी. त्यांच्यात ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमधून, निवृत्त झालेले एखादे काका भेटले तर त्यांना घरी बोलवा, चहा पाजा आणि गाडी दाखवा. नंबर वाचून ते धडाधड सांगत जातात. हे ज्ञान त्यांच्यासोबत संपू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून ते सांगत असताना तुम्ही लिहून घ्या.

दुसरं म्हणजे बॉडी, चासी, इंजिन, बॉनेट यांच्यामध्ये जागोजागी विणलेल्या तारेच्या पट्ट्या दिसतील. वायरलेस सेटमध्ये खरखर येऊ नये म्हणून त्या लावलेल्या असतात. गॅरेजमध्ये पहिल्यांदा त्याच काढून टाकल्या जातात, 'आता वायरलेस कुठाय?' म्हणून. पण त्याच पट्ट्या अर्थचा रस्ताही असतात. जीपची बॉडी चासीवर रबरावर बसते, इंजिनही रबरावर बसतं. पट्टी गेली की करंट परतीची वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, नाहीतर स्पीडोमीटरच्या केबलमधून जातो. केबल गरम होते, अडकते. पट्ट्या कुजल्या असतील तर नवीन टाका, काढून मात्र टाकू नका.

तिसरा विषय ब्लॅकआउट स्विचचा. लष्करी गाडीचा लाइट स्विच आपल्या नेहमीच्या स्विचसारखा नसतो. साधे दिवे, पार्किंग आणि अंधारात शत्रूला दिसू नये म्हणून लावायचे मंद ब्लॅकआउट दिवे, असं सगळं त्या एका स्विचवर असतं. अमेरिकन पद्धतीच्या ब्लॅकआउट टेललाइटमध्ये तर मागच्या ड्रायव्हरला अंतर कळावं अशी योजना आहे: ६० फुटांच्या आत चार ठिपके दिसतात, ६० ते १८० फुटांपर्यंत दोन आणि त्यापलीकडं एकच. काही गाड्यांत मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग आणि त्यावर उजेड पाडणारा छोटा कॉन्व्हॉय लॅम्प असतो, मागची गाडी तेवढाच पांढरा गोळा बघत चालते. हे सगळं कायम ठेवण्यासारखं आहे, आणि ते चालू करून मुलांना दाखवलं की त्यांचे डोळे चमकतात. पण रस्त्यावर एक धोका लक्षात ठेवा. अशा बऱ्याच स्विचमध्ये ब्लॅकआउटच्या जागेवर नेहमीचा ब्रेक लाइट बंद होतो. ब्रेक लाइट लागत नाही म्हणून लोक ब्रेकचा स्विच बदलतात, बल्ब बदलतात, आणि दोष नुसता लाइट स्विचच्या पोझिशनचा असतो. तुमच्या गाडीत कुठल्या पोझिशनला काय लागतं याचा तक्ता करा. रस्त्यावर निघण्याआधी तो स्विच चुकून ब्लॅकआउटला जाणार नाही अशी व्यवस्था करा. बहुतेक स्विचमध्ये त्यासाठी लॉकची कळ असतेच, ती अडकलेली असेल तर सोडवून घ्या.

हेडलाइटचं काम सगळ्यात आधी करा, बारच्याही आधी. कारण सांगतो. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून डॅशबोर्डपर्यंत, स्विचमधून, डिपरच्या स्विचमधून आणि परत पुढं असा फिरतो. १२ च्या गाडीत दोन ६० वॉटचे बल्ब म्हणजे १० अँपिअर. वाटेत जुनी वायर, काळे पडलेले कॉन्टॅक्ट. बॅटरीवर १३.८ असताना होल्डरवर १२.२ मिळाले तर वाटतं, दीड व्होल्टानं काय होतंय? हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार झपाट्यानं उतरतो. इथं तो पुऱ्या उजेडाच्या दोन तृतीयांशच राहतो. २४ च्या गाडीत करंट कमी असल्यानं त्रास कमी, पण वीस-तीस वर्षांचा स्विच तिथंही गळतो. म्हणून लोक १०० वॉटचे बल्ब टाकतात, आणि मग होल्डर वितळतो.

त्याऐवजी दोन रिले लावा, एक अप्परला, एक डिप्परला. रिलेच्या पिनांवर नंबर लिहिलेले असतात: ३० ला बॅटरीवरून फ्यूजमधून जाड वायर, ८७ वरून दिव्याकडं, ८५ अर्थला, आणि ८६ ला हेडलाइटकडं येणारी जुनी वायर. त्या जुन्या वायरीला आता अर्धा अँपिअरसुद्धा उचलायचा नाही, फक्त रिलेला 'उचल' म्हणून सांगायचं आहे. जुना स्विच, जुना डिपर, ब्लॅकआउटची सगळी शिस्त तशीच राहते आणि दिव्याला भरपूर करंट थेट मिळतो. डाव्या-उजव्या दिव्याला, अप्पर-डिप्परला वेगवेगळे फ्यूज द्या, एकूण चार. चोर्ला घाटाच्या वळणावर एक फ्यूज गेला तरी एक दिवा जळत राहिला पाहिजे. २४ च्या एच ४ बल्बला (७५/७० वॉट) तीन-सव्वातीन अँपिअर लागतात, तिथं साडेसातचा फ्यूज आणि दीड एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) वायर बरोबर बसते. रिले कॉइलवर आतूनच रेझिस्टर असलेला घ्या, नाहीतर बंद होताना मारलेला झटका जवळच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूला बाधतो.

फ्यूज हा वायरीला वाचवण्यासाठी असतो हे ध्यानात ठेवा. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या टोकापासून एका वितीच्या आत हवा. डॅशबोर्डजवळ फ्यूज लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहिली, आणि पत्र्याच्या भोकातून जाताना घासून जाते ती नेमकी तीच. माझा नेहमीचा आराखडा असा: बॅटरीवरून ४० चा मुख्य फ्यूज, तिथून ६ एमएमची वायर बॉनेटखालच्या बंद फ्यूज बॉक्सला, आणि तिथून प्रत्येक वस्तूला आपापला फ्यूज. बॉक्समध्ये दोन जागा मोकळ्या ठेवा. पत्र्यातून वायर जाईल तिथं प्रत्येक भोकाला रबराचा ग्रोमेट.

अर्थ तितकीच महत्त्वाची. लष्करी गाडीवर रंगाचे थर इतके असतात की बोल्ट आवळला तरी तो रंगावरच बसतो. रुपयाएवढी जागा चकचकीत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, वरून पेट्रोलियम जेली. नव्या दिव्यांची अर्थ बंपरवर सोडू नका, प्रत्येकाची काळी वायर एका पितळी पट्टीवर आणा आणि तिथून एक जाड वायर सरळ बॅटरीच्या मायनसला. मग तपासा: दिवा लावून ठेवा, मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. ०.२ व्होल्टाच्या आत असेल तर काम चोख. जास्त आलं तर पुन्हा घासा. हीच चाचणी प्लसच्या बाजूला घेतली तर अर्ध्या व्होल्टापर्यंत चालेल. नुसत्या टेस्ट लॅम्पनं हे कळत नाही. टेस्ट लॅम्प सडलेल्या अर्थवरही पेटतो.

आता तुमचे फॉग लॅम्प आणि बार. तुम्ही कणकुंबी-चोर्ल्याच्या रस्त्यानं जाणार म्हणता, म्हणजे पावसाळ्यात धुकं आलंच. धुक्यात वरचा एलईडी बार लावून बघा: समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण उजेड डोळ्यांच्या उंचीवरच्या धुक्यावर आपटून परत येतो. तिथं उपयोगाचा तो खाली, बंपरच्या पातळीला बसवलेला, रुंद आणि वरून कापलेला उजेड देणारा फॉग लॅम्प. म्हणून पैसे फॉगवर घाला, बार नंतर बघू. फॉगचा रिले पार्किंगच्या वायरीवरून उचला, म्हणजे डिप्पर बंद करूनही फॉग लावता येतात आणि पार्किंग बंद केलं की तेही बंद होतात. बॅटरी उतरायची भीती राहत नाही.

बारबद्दल कायदाही सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १११ प्रमाणं पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारा बार रस्त्यावर लावणं चुकीचंच आहे. शेतात, रानवाटेवर वापरायचा असेल तर त्याला स्वतंत्र स्विच द्या आणि रस्त्यावर असताना वरून कव्हर घाला. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालण्याचा मोहही आवरा. रिफ्लेक्टर त्या बल्बसाठी बनलेला नसतो, उजेड वाटेल तिकडं फेकला जातो. पुढं लाल दिवा नको, अनेक सुरांचा हॉर्न नको. आणि हे वायरिंगचं नसलं तरी बोलतो: नियम १२१ प्रमाणं ऑलिव्ह ग्रीन रंग लष्कराच्या गाड्यांसाठी राखीव आहे. दिव्यांवर पैसे घालण्याआधी रंगाचा प्रश्न सोडवा, नाहीतर नाक्यावर आधी रंगावरूनच थांबवतील.

मागच्या दिव्यांकडं कुणी लक्ष देत नाही, आणि आपल्या भागात तेच जीव वाचवतात. गळिताच्या हंगामात निपाणी-चिकोडीच्या रस्त्यांवर रात्री दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चालतात. त्यांच्यामागं तुम्हाला ब्रेक मारावा लागतो तेव्हा तुमच्या मागच्याला तुमचा ब्रेक लाइट दिसला पाहिजे. लष्करी टेललाइट लहान असतात, मातीनं झाकतात. मूळ दिवे ठेवून बाजूला चांगले मोठे टेललाइट, इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर लावा. लष्कराचा नंबर बंपरवर रंगवलेला असतो, त्यामुळं मागच्या नंबरप्लेटवर पांढरा दिवा आहे का तेही बघा. नसेल तर तो लावावाच लागतो. इंडिकेटर एलईडी केले तर जुना फ्लॅशर भराभर मारायला लागेल. त्याला लोडवर अवलंबून नसलेला २४ चा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला, रेझिस्टर लावून गरमी वाढवू नका.

ट्रेलरचं सॉकेट: मागं बारा पिनांचं लष्करी सॉकेट असेल तर ते राहू दे, शेजारी सात पिनांचं नेहमीचं बसवा. ट्रेलरचे बल्ब १२ चे असतील तर ते २४ चे करा, आणि मग तो ट्रेलर १२ व्होल्टच्या गाडीला लागणार नाही याची खात्री ठेवा. कन्व्हर्टरवरून ट्रेलरचे दिवे चालवण्याच्या भानगडीत पडू नका. बाजूला दोन जाड पिनांचं जंप-स्टार्टचं सॉकेट असेल तर ते थेट बॅटरीवर असतं, मध्ये फ्यूज नसतो. टोपण कायम लावलेलं हवं, आणि त्यावरून मित्राची १२ व्होल्टची कार चुकूनही चालू करू नका.

किती भार झाला याची बेरीज करून बघा. हेडलाइट १५० वॉट, फॉग १४०, बार १२०, मागचे-पार्किंग-नंबरचे मिळून ४०, कन्व्हर्टर १३०, वायपर ६०. हे सगळं एकदम चालू म्हणजे ६४० वॉट, २८ व्होल्टला साधारण २३ अँपिअर. इंजिनचा स्वतःचा खर्च वेगळा. अल्टरनेटरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचा. लिहिलेला करंट रेसवर मिळतो, आयडलवर फार कमी. अल्टरनेटरऐवजी डायनामो असेल तर आयडलवर जवळजवळ काहीच मिळत नाही. घाटात पावसात पहिल्या गिअरवर चढताना इंजिन हळू चालतं आणि दिवे-वायपर सगळं चालू असतं, तेव्हाच बॅटरी उतरते.

पाण्याचं बघा. खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस जोडांमध्ये शिरतो आणि तांब्यावर हिरवं चढतं. नुसती पिळून टेप मारलेला जोड पहिल्या पावसाळ्यात जातो. थिंबळ (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) चांगल्या क्रिंपिंग प्लायरनं दाबा आणि वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. वर भरभरून सोल्डर घालू नका. सोल्डरनं तार कडक होते आणि जीपच्या हादऱ्यांनी सोल्डर संपतं तिथंच तुटते. कपलरचं तोंड खाली करा, कपलरच्या आधी वायरीला खाली झोळ द्या म्हणजे पाणी झोळावरून गळेल. नागमोडी स्लीव्ह घातली तर तिची चीर खाली ठेवा, नाहीतर आत पाणी साठतं. दिव्यांचे ब्रॅकेट बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपमध्ये वाकवून मिळतील, पण वेल्डिंग गाडीवरच करणार असाल तर आधी बॅटऱ्या आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवा.

कामाला हात घालताना मायनस आधी काढा, जोडताना तो शेवटी लावा. दोन बॅटऱ्यांमधली जोडपट्टीही सोडून ठेवा. २४ च्या बॅटरीवर पाना आडवा पडला तर तो वितळून चिकटतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

काम झाल्यावर रात्री घरासमोर सगळं एकदम चालू करा, वीस मिनिटं इंजिन आयडलवर ठेवा आणि प्रत्येक फ्यूज, रिले, जोडाला हात लावून बघा. जो गरम लागेल तो जोड उघडून पुन्हा करा. मग दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा आणि सुरुवातीला वहीत लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. अल्टरनेटरच्या पट्टीवरचा आकडा, आयडलवरचा व्होल्टेज आणि लाइट स्विचच्या पोझिशनचा तक्ता मला कळवलात तर तुमच्या गाडीसाठी कुठल्या वायरीला किती एमएम आणि किती अँपिअरचा फ्यूज, याचा पूर्ण कागद करून देतो.